पावणेअकराच्या चुका

मंगळवार, ११ नोव्हेंबर

वरणात मीठ दोनदा पडलं! एकतीस पोरींचं वरण. भामाबाईनं चमचाभर चाखलं आणि असं तोंड केलं की मला वाटलं पाल पडली का काय. "काकू, अख्खी पुडीच उपडी केली की व!" उकडलेले बटाटे टाकले, पाणी वाढवलं, डाळ वाढवली. निभावलं कसंतरी. पोरींना काय, डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेच्या अभ्यासाच्या नादात त्या गवतसुद्धा खातील.

वीस वर्षं झाली मेस चालवतेय. लातुरात शिकायला येणाऱ्या किती पोरी माझ्या हातचं खाऊन डॉक्टर झाल्या. मिठाची चूक कधी म्हणून नाही.

भामाबाई हसली. माझ्याकडं चपात्या लाटायला येते ती, दहा वर्षांपासून. मीही हसले. पण आतून हलले. परवा कुकरला शिट्टी लावायची राहिली. गेल्या आठवड्यात चहात मोहरी! वाचणाऱ्याला हसू येईल. वाचणारं कुणी नाही म्हणून लिहितेय.

आईचंही मिठापासूनच सुरू झालं होतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तीन दिवस आईचं लिहायचं टाळलं. लिहून टाकते एकदाचं.

पार्वतम्मा. उदगीरची. साठी उलटली आणि विसरायला लागली. आधी मीठ, मग घराचा रस्ता, मग माणसं. शेवटची चार वर्षं मीच केलं तिचं, इथं आणून. एकदा वेणी घालत होते तर म्हणाली, "बाई, तू लई चांगली हायस. कुणाची ग तू?" म्हणलं, "तुझीच की." तर म्हणते, "मला लेक न्हाई."

कंगवा तसाच हातात. नंतर मोरीत जाऊन रडले होते.

मला छप्पन्न पूर्ण झाली. असलं रक्तात उतरतं म्हणतात. मी अशी झाले तर माझी वेणी कोण घालणार?

यांना काही सांगितलं नाही. हे म्हणजे उमाशंकरराव, आमचे मालक. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यापासून गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालणं एवढंच काम. घाबरट माणूस. सांगितलं तर माझ्याआधी हेच अंथरूण धरतील.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आजचा दिवस शत्रूवर येऊ नये.

सकाळी नाश्त्याच्या गडबडीत पूजा मागं पडली. दहा वाजता बसले. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग पूजेपुरतं तळहातावर घ्यायचं, नजर लावून बसायचं आणि परत गळ्यात. एरवी अंगावरून ते उतरत नसतं, मरेपर्यंत. दोरा जीर्ण झाला होता, नवा वळायला घेतला. तेवढा वेळ लिंग कुठं ठेवायचं म्हणून स्वच्छ पुसलेल्या स्टीलच्या डबीत ठेवलं, ओट्यावर. मग डबे भरायची वेळ झाली, उठले.

अकराला पोरी डबे घेऊन गेल्या. साडेअकराला छातीवर हात गेला तर गळा मोकळा!

ओट्यावर डबी नाही. देव्हाऱ्यात नाही. मग लक्षात आलं — शेंगाच्या चटणीच्या डब्या तशाच असतात. स्टीलच्या. झाकणाच्या. माझा देव कुणाच्यातरी डब्यात क्लासला गेला होता!

"अहो! अहो!" ओरडले. हे गच्चीवर. ऐकू जाईना. तशीच निघाले, पायात एक चप्पल माझी आणि एक भामाबाईची. पहिल्या अभ्यासिकेत नऊ डबे उघडले. तिथला सुपरवायझर म्हणतो, "मावशी, चेकिंग आहे का?" पोरी खुसखुस करायल्या. म्हणलं हसा बायांनो, हसा. दुसरीकडं सात. चटणी, चटणी, चटणी. लिंग हरवलं म्हणजे काय, ते आमच्यातल्यालाच कळेल. आमची आजी म्हणायची, जीव गेला तरी चालेल. जिना चढताना तेच कानात होतं.

तिसरीकडं विशाखा बसलेली. बिलोलीची पोरगी, कमी बोलणारी. डबा समोर, ओढणीनं झाकलेला. मला बघून उठली. "काकू, तुम्ही येणार माहीत होतं मला." स्वच्छ रुमालात डबी गुंडाळून ठेवली होती. "देवाचं काहीतरी हाय, कळलं. हात लावावा का न्हाई तेवढं कळंना. म्हणून जेवले न्हाई, राखत बसले."

तिथंच पायरीवर बसले आणि तिला पोटाशी धरलं. एक वाजला होता. पोरगी उपाशी! घरी आणून गरम जेवू घातलं, तूप सोडून.

पण आता कळून चुकलं. मिठावर हसता येतं. ह्याच्यावर नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ज्योत्स्नाला फोन केला. नायगावची ही पोरगी चार वर्षं माझ्या मेसला जेवली, आता नांदेडला मेंदूच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. तिला लिंगाचं सगळं सांगितलं. ती हसली नाही, घाबरलीही नाही. "काकू, दोन कामं करा. लातुरातच रक्त तपासून घ्या. आणि चूक झाली की कागदावर लिहायची — काय चुकलं, किती वाजता. मागच्या आठवतील त्यापण."

"म्हणजे तेच आहे का ग? आईचं?"

"लिहा तर आधी."

तेच आहे. नाहीतर "नाही" म्हणाली असती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

साखरेच्या डब्यात रवा ओतला. पावणेअकरा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

एका डब्यात नुसत्या चपात्या, भाजीच नाही. दामिनीच्या. कोरड्या खाऊन आली आणि बोलली पण नाही! भामाबाईला कळलं म्हणून मला कळलं. १०.५०.

रविवार, २३ नोव्हेंबर

काही नाही. पुरणपोळीचा बेत असून काही नाही! हे निलंग्याला भावाकडं गेलेत, ज्वारी बघायला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

बोट भाजलं. तव्यावर चपाती आहे समजून तवाच उलटायला गेले. पावणेअकरा. बर्नॉल लावून लिहितेय, अक्षर बघा कसं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

रक्त नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. बी-ट्वेल्व्ह नॉर्मल. लॅबवाला पोरगा म्हणाला, "मावशी, तुमचं रक्त लई भारी!" दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला वाटलं, रक्तात नाही म्हणजे मग डोक्यातच.

ज्योत्स्नानं गुरुवारची वेळ घेतली. नांदेडला.

नांदेडला वर्षी राहते.

लिहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव लिहिलं. वर्षाराणी, माझी एकुलती एक लेक. नांदेडला नोकरीला म्हणून गेली आणि रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. एका बौद्धाच्या पोराशी. आम्हाला लग्नानंतर सांगितलं. मी फोन ठेवला तो ठेवलाच. हेच चोरून बोलतात तिच्याशी. जावयाचं नाव-गाव-काम सांगायला कुणीही तोंड उघडलं की मी उठून जाते. दवाखान्यात कायतरी करतो एवढं कानावर पडलं होतं. असेल कंपाउंडर.

बुधवार, ३ डिसेंबर

यांना म्हणलं, ज्योत्स्नाकडं चाललेय उद्या, नांदेडला. यांचा चेहरा एकदम उजळला. "वर्षीकडं जाणार?" "न्हाई!" असं म्हणलं की भांडी हलली. बिचारे परत कुंड्यांकडं गेले.

गुरुवार, ४ डिसेंबर

बसमध्ये लिहितेय, अक्षर नाचतंय. नाचू दे! मीही नाचले असते, बाजूला कंडक्टर नसता तर.

सुरुवातीपासून लिहिते.

ज्योत्स्ना नेमकी वॉर्डात अडकली, भेटलीच नाही. आत एका छोट्या खोलीत बसवलं. चाचण्या घेणारे एक सर होते — सर कसले, पोरगाच, तिशीचा. किडकिडीत. माझी फाइल वाचली, पुन्हा वाचली, उठून पाणी पिऊन आला. गळ्यातलं कार्ड काढून खिशात टाकलं आणि खुर्ची जवळ घेतली. "मावशी, घाई न्हाई. आपण निवांत करून राहिलो." आवाज इतका मऊ की मी खुर्चीला पाठ टेकून बसले.

मग प्रश्न. वय, शिक्षण, घरी कोण. "मुलं किती?"

"नाहीत."

कसं निघालं तोंडातून देव जाणे. ठरवून नाही म्हणाले. त्याचं पेन थांबलं. "कुणीच न्हाई?" "न्हाई म्हणलं ना!" तो रकाना त्यानं मोकळाच ठेवला. मी बघितलं.

आईनं मला असंच म्हणलं होतं. ती आजारी होती. मी तर धडधाकट बसले होते खुर्चीत.

पहिल्या चाचण्या सोप्या. आकडे उलटे म्हणायचे, गोष्ट ऐकून सांगायची, घड्याळ काढायचं. भराभर केल्या. गोष्टीतल्या बाईच्या लुगड्याचा रंगसुद्धा सांगितला. मग कॉम्प्युटर. आकडे येतात, दिसला की बटण दाबायचं, फक्त तीन आला की हात आवरायचा. मागं चित्रं येतात, त्यांच्याकडं लक्ष द्यायचं नाही. बादली, झाड, खुर्ची — एकही चुकले नाही! एकतीस डब्यांची सवय आहे हाताला.

मग चित्रं बदलली. साप आला, जरा दचकले. रडणारं लेकरू आलं. एक चुकलं. मग नवरी आली. बाशिंग बांधलेली, आईच्या गळ्यात पडलेली. तीन आला, दाबलं. पाच आला, हात हलेना. पुढचे चार-पाच आकडे कुठं गेले मला माहीत नाही. चित्र गेलं तरी मी तिथंच.

त्यानं बंद केलं. चहा मागवला. आणि मी बोलत सुटले. ज्याला परत बघायचं नाही त्याला सांगायला काय जातं! म्हणलं, खोटं बोलले, लेक आहे मला. तिच्या लग्नात मी नव्हते. तिला बाशिंग बांधलं का नाही तेही मला माहीत नाही. म्हणलं, कुणीतरी फूस लावली माझ्या लेकराला. "जावयाला बघितलंय का तुम्ही?" त्यानं विचारलं. म्हणलं, "तोंड बघायची इच्छा न्हाई! भामटा असणार. चांगल्या माणसानं आईबापाला विचारलं नसतं का?"

"हाव, विचारायला पाहिजे होतं," म्हणाला. त्याचा चहा तसाच निवून गेला. मग म्हणाला, "एवढी चाचणी पुन्हा घेऊ, मावशी. दमल्यावर घेतलेली खरी न्हाई." पुन्हा घेतली. बादली, झाड — पैकीच्या पैकी. नवरी — पुन्हा गडप.

दुपारी मोठ्या डॉक्टरीणबाई. केस पांढरे, चष्मा कपाळावर. माझा चुकांचा कागद आणि त्याचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. मी लिंगावर हात ठेवून बसले होते, घट्ट.

"तुम्हाला तुमच्या आईचा आजार नाही," म्हणाल्या.

मी म्हणलं, पुन्हा सांगा.

पुन्हा सांगितलं! हसून. स्मरण चांगलं, वयाच्या मानानं लई चांगलं. लक्षही चांगलं, आत काही दुखत नाही तोवर. मेंदूचा पुढचा भाग हातातलं काम धरून ठेवतो. आत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, भीती, माया, राग तिथं जागे होतात. तो जागा झाला की लक्ष तिकडं ओढलं जातं आणि हातातलं काम सुटतं. सगळ्यांचंच होतं. जीव जिथं अडकलाय तिथंच जास्त होतं. "तुम्ही मीठ विसरत नाही. मीठ टाकलं त्या क्षणी तुम्ही तिथं नसता. जे डोक्यात शिरलंच नाही ते आठवणार कुठून?"

म्हणलं, बाई, मग मी कुठं असते?

त्यांनी कागद पुढं सरकवला. "ते तुम्हीच सांगा. बघा — पावणेअकरा, दहा पन्नास, पावणेअकरा. पहाटे पाचला चूक नाही, रात्रीच्या स्वयंपाकात नाही. पावणेअकराला घरात काय असतं?"

"डबे भरायची गडबड."

"गडबड सकाळीही असते." आणि माझ्याकडं बघत बसल्या.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, पण बोलले नाही. इथं लिहिते. पावणेअकराला हे फोन घेऊन गच्चीवर जातात. वर्षीच्या ऑफिसात तेव्हा चहाची सुट्टी असते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून यांचा आवाज येतो, शब्द नाही येत. नुसती गुणगुण. मी ऐकत नाही, ऐकत नाही म्हणते आणि एकतीस डबे सोडून त्या गुणगुणीत शब्द शोधत असते. हसले का? गप्प का झाले? बरी आहे ना? आजारी तर नाही?

रविवारी हे निलंग्याला होते. म्हणून रविवारी चूक नाही!

येडी नाही मी. येडी नाही! आई आहे नुसती.

निघताना त्या सरांना शोधलं. दारात भेटले. म्हणलं, "लेकरा, लई धीर दिलास." त्यानं वाकून नमस्कार केला. दवाखान्यातली माणसं पेशंटला वाकतात कुठं! संस्कार चांगले. कुणाचं आहे कोण जाणे, आईबाप भाग्याचे.

लोह्याला बस थांबली तेव्हा भजी खाल्ली, मिरचीची. तीन प्लेट.

शुक्रवार, ५ डिसेंबर

यांना सगळं सांगितलं. चाचणीचं, डॉक्टरीणबाईंचं. पावणेअकराचं सोडून. हे मोठ्यानं रडले. म्हणाले, "मला माहीत होतं गौरा. चहात मोहरी निघाली त्या दिवसापासून रोज तू झोपलीस की गॅसचं बटण बघून येतो मी." दोघं एकाच घरात, दोघं भ्यालेले आणि दोघं गप्प! रागावू का रडू कळेना. दोन्ही केलं.

काल रात्री मात्र मेल्यासारखी झोपले. आई गेल्यापासून अशी झोप नव्हती लागली.

शनिवार, ६ डिसेंबर

पावणेअकरा. हे उठले, फोन खिशात, जिन्याकडं. मी पळी हातात घेऊन उभी. म्हणायचं होतं. म्हणाले नाही. कोशिंबिरीत साखरेऐवजी सोडा.

आजार नाही हे कळल्यानं चूक थांबत नाही बाई. लक्षात आलं.

सोमवार, ८ डिसेंबर

म्हणाले!

"अहो, वर जाऊ नका. इथंच बोला. स्टुलावर बसा आणि स्पीकर लावा."

यांना वाटलं भांडायचंय. फोन धरलेला हात मागं लपवला. "कुणाशी? मी तर कुंड्यांना —" "तीन वर्षं रोज पावणेअकराला कुंड्यांना पाणी घालतात का कुणी? झाडं कुजून गेली असती!" भामाबाईनं तोंडात पदर कोंबला.

बसले. लावला. "पप्पा, जेवलात का?"

आवाज तसाच आहे. थोडा जाड झालाय.

मी काही बोलले नाही. पाठ करून डबे भरले. ऑफिसात नवा साहेब आलाय, तिचा गुडघा दुखतोय, घरात मांजर पाळलंय. मांजर! इथं असताना मांजर बघून किंचाळायची. सगळे शब्द कळले. शोधावं लागलं नाही. एकतीस डबे भरले, एकही चूक नाही. भामाबाईनं झाकणं उघडून उघडून डबे तपासले, द्वाड.

मंगळवार, ९ डिसेंबर

चूक नाही. वर्षीनं गुडघा डॉक्टरला दाखवला म्हणे.

बुधवार, १० डिसेंबर

आज बोलले. ठरवलं नव्हतं.

येळवस आलीय ना. शेतात जेवायची ही अमावास्या आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. वर्षी यांना विचारत होती, "पप्पा, घरीच भज्जी करून बघावी म्हणते. बेसन आधी लावायचं का नंतर?" आणि हे, ज्यांनी आयुष्यात पातेलं उचललं नाही, म्हणतात, "बेसन ना... आधीच असंल."

"आधी कसं!" मी तिथूनच ओरडले. "आधी पालेभाज्या, वाटाणे, वाल सगळं शिजू दे की ग बाई! मग ताकात कालवलेलं बेसन! आधी लावून काय लापशी करायची का?"

तिकडून बारीक आवाज आला.

"मम्मी?"

"मग काय भामाबाई का?"

ती रडायली. हे रडायले. भामाबाई लाटणं छातीशी धरून रडायली, तिचा काय संबंध! मी नाही रडले. हातातली पळी खाली ठेवता येईना एवढंच. तिखट किती, लसूण किती, सगळं सांगितलं. मग तिनं भीतभीत विचारलं, "आणि आंबील?" म्हणलं, "आंबील अशी सांगून येत न्हाई. येऊन खा."

पुढचं वाक्य आपोआप आलं. "दोघंही या. निलंग्याला, काकांच्या शेतात."

"दोघंही?" तिनं विचारलं. म्हणलं, कान फुटले का?

चाचणीचं तिला सांगितलं नाही. यांनाही बजावलं. उगाच कशाला तिच्या जिवाला घोर. झालं गेलं.

शनिवार, १३ डिसेंबर

एकतीस पोरी माझ्या ताटात जेवतात. कुणाला जात विचारली नाही कधी. विशाखानं माझा देव राखला, उपाशी राहून. आणि जावयाचं नाव ऐकायला मी तयार नव्हते. लाज वाटली. वाटली तर वाटली, लिहून ठेवते.

पण खरं सांगू? त्याला बघायची धडकी भरलीय. तीन वर्षं शिव्या घातल्यात मनातल्या मनात. तो मला काय म्हणणार? कोणत्या तोंडानं वाढू?

गुरुवार, १८ डिसेंबर

बाजरीचे वाफवलेले उंडे झाले. भज्जीची तयारी झाली. आंबिलीची घागर भरली. चार दिवसांत एक चूक — लिहायचंच तर — पातेल्याऐवजी यांच्या टोपीवर झाकण ठेवलं. ती हसता हसता झाली. धरायची नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर. येळवस

शेतातून आल्याआल्या लिहितेय, पायसुद्धा धुतले नाहीत.

कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली. पंगत मांडत होते, तेवढ्यात बांधावरून वर्षी येताना दिसली. बारीक झालीय. धावत येऊन गळ्यात पडली, दोघींनी रडून घेतलं. मग ती बाजूला झाली आणि मागचा माणूस दिसला. चपला काढून, हात जोडून उभा.

नांदेडचे सर!

"हे आपले अश्वजितराव," हे म्हणाले. ज्योत्स्नाच्याच दवाखान्यात वर्षीची त्याची ओळख झाली, ही गोष्ट तीन वर्षांत कितीदा कुणी सांगायला आलं असेल. मी वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर ना!

पाया पडायला वाकला. हळूच, मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाला, "त्या दिवशी ओळख सांगितली असती तर तुमचं लक्षच लागलं नसतं, आई. चाचणी बिघडली असती. नसलेला आजार मागं लागला असता."

वर्षी आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होती. "मम्मी, तुम्ही ओळखता का एकमेकांना?"

काय काय बोलले होते मी त्याच्यासमोर बसून!

"न्हाई ग," तो म्हणाला. "आत्ताच भेटून राहिलो."